तीन ठोके, सात श्वास

या, असे जवळ या. मृदंगाच्या डाव्या पुडीला अजून कणीक लावायची आहे, बुवांचा फेटा बांधून व्हायचा आहे. तेवढ्या वेळात एक गोष्ट होईल. एका टेकडीची, तिच्या पोटात डोकावणाऱ्या यंत्राची, आणि ज्याचे कान गेले होते तरी ज्याला ऐकू आलं अशा एका म्हाताऱ्याची. ऐकताना एक हात जमिनीवर टेकवून बसा म्हणजे झालं.

वैनगंगेच्या पूर्वेला, पळसाच्या रानात, आमगोंदी नावाचं गाव आहे. गावामागे टेकडी आणि टेकडीवर विठोबाचं देऊळ. देव वीतभर, फरशी मात्र काळ्या दगडाची, ऐसपैस. देवळाला सगळे ‘आतल्याचं देऊळ’ म्हणत. का म्हणत, ते कुणालाच सांगता येत नसे. तिथं कीर्तनाची एक रीत होती, जी आसपासच्या पन्नास गावांत नव्हती. बुवा उभे राहिले की नमनाच्या आधी टाचेनं फरशीवर तीन ठोके देत. मग सगळी सभा गप्प. सात श्वास जायचे. पोरंसोरं खोकला गिळून बसायची. सातवा श्वास सुटला की वीणा छेडली जायची. म्हाताऱ्यांना विचारलं तर म्हणत, “देव आत झोपला हाये बाप्पा. त्याले हाक देऊन वाट पाहा लागते. आला तं आला.” तो कधी आला नव्हता. वाट पाहणं मात्र कुणी सोडलं नव्हतं.

मंजिरी निंबार्ते याच गावची. तिचे वडील ऋषी निंबार्ते एकतीस वर्षं मँगनीजच्या भुयारी खाणीत माइनिंग सरदार होते. सरदार म्हणजे पाळीची माणसं आत नेणारा, छत ठोकून पाहणारा, आणि नेली तितकी माणसं मोजून बाहेर आणणारा. ड्रिल मशीनच्या खडखडाटानं त्यांचे दोन्ही कान गेले. कीर्तनाचं वेड मात्र गेलं नाही. निवृत्त होऊन गावी आल्यावर ते मृदंगाशेजारी कोपऱ्यात बसत, तळवा जमिनीला लावून, डोळे मिटून. आणि समेवर त्यांची मान बरोबर डुलायची. गावात थट्टा चाले, “सरदार हातानं आयकते.” ओठ वाचून त्यांना ती थट्टाही कळायची, आणि ते हसायचे.

मंजिरी भूवैज्ञानिक झाली, धाकटा खेमराज ड्रिलर झाला. दोघांनी पोटापाण्यासाठी कुठंकुठं जावं, आणि शेवटी दोघांना काम मिळावं ते आपल्याच गावामागच्या टेकडीत! कारण टेकडीत टंगस्टन सापडलं होतं.

टंगस्टन म्हणजे काय, ते दोन शब्दांत सांगतो. आगीला न भिणारा धातू. लोखंडाचं पाणी होतं तेव्हाही तो ताठ उभा असतो. पोलाद कापणाऱ्या पात्याची धार त्याची, जुन्या बल्बची तार त्याची. आणि त्या सुमारास सूर्यासारखी आग कोंडून वीज करणाऱ्या भट्ट्या जगभर उभ्या राहू लागल्या, त्यांच्या आतल्या भिंतीही त्याच्याच. म्हणून सगळं जग टंगस्टनच्या मागे लागलं. खडकात तो दोन रूपांनी भेटतो. एक काळं, चकचकीत खनिज, कुणाच्याही डोळ्यांत भरेल असं. दुसरं पांढरट, अगदी गारगोटीसारखं. त्याचं नाव शीलाइट. हे दुसरं इतकं साधं दिसतं की जुने खाणवाले ते कचरा म्हणून टाकून देत. त्याच्यावर अंधारात अतिनील दिवा धरला तरच ते ओळख देतं. निळसर पांढरं पेटतं, जणू दगडातच चांदणं आहे.

भर दुपारी अंधार कुठून आणायचा? मंजिरीनं त्यासाठी धनगराची काळी घोंगडी ठेवली होती. खडकातून काढलेल्या गोल कांड्या पत्र्याच्या पेट्यांत मांडायच्या, घोंगडी डोक्यावरून घ्यायची आणि दिवा लावायचा. खेमराज तिला चिडवी, “ताई, तू शिकली किती, आन् शेवटी घोंगडीच्या बुचकीत तोंड घालूनच बसली.”

पण तिचं खरं काम घोंगडीखालचं नव्हतं. तिचं काम होतं ‘अंतर्दर्शी’ सांभाळण्याचं.

आकाशातून आपल्यावर अहोरात्र अतिसूक्ष्म कणांचा वर्षाव होत असतो. म्युऑन त्यांचं नाव. तुमच्या उघड्या तळहातातून आत्ताही दर सेकंदाला एखाद-दुसरा आरपार जातो आहे, आणि तुम्हाला पत्ता नाही. हे कण छपरातून जातात, कातळातूनही जातात. पण खडक जितका जड, तितके त्यातले जास्त अडतात. टेकडीच्या तळाशी बोगदा खणायचा, तिथं या कणांना मोजणाऱ्या पाट्या लावायच्या, आणि कोणत्या दिशेनं किती आले याचा हिशेब शंभर दिवस ठेवायचा. जिथून कमी आले तिथं जड काही आहे, जिथून जास्त आले तिथं हलकं किंवा पोकळ. मग संगणक टेकडीच्या पोटाचं चित्र काढतो, तीन-तीन मीटरच्या चौकोनांत. टेकडी न फोडता टेकडीच्या आत बघायचं, हे काही लहान आश्चर्य नव्हे. मंजिरी त्यावर जीव लावून होती.

या यंत्रानं खाणीतली एक जुनी शिस्त मोडली. पूर्वी बोगदा पुढं नेण्याआधी समोरच्या खडकात लांब, बारीक भोक पाडून पाहत. पुढं पाणी आहे का, पोकळी आहे का? त्याला आगाऊ भोक म्हणत. एका भोकाला पाळी-दीड पाळी जायची. अंतर्दर्शी आल्यावर नियम बदलला. नकाशा असेल आणि त्यावर नोंदणीकृत भूवैज्ञानिकाची सही असेल, तर भोक नको. आमगोंदीच्या नकाशावर सही होती मंजिरीची. आणि नकाशा सांगत होता की देवळाच्या बरोबर खाली, बोगद्याच्या आतल्या टोकापुढं, बेताच्या प्रतीच्या खनिजाची सलग भिंत उभी आहे. सगळे खूश होते. खेमराजची पाच जणांची टोळी सुरुंग लावून रोज चार मीटर पुढं सरकत होती. त्या भिंतीचा मध्य आता सात मीटरवर आला होता.

बुधवारी गावच्या सप्ताहाची सांगता झाली. गुरुवारी सकाळी मंजिरी घोंगडीखाली होती. तेवढ्यात कुणीतरी घोंगडी ओढली.

“बाहेर ये. अंधारात तुये होट दिसत नाईत मले.”

ऋषीजी उभे होते. धोतराला टेकडीवरची कुसळं, म्हणजे सडक सोडून सरळ उतरून आलेले.

“बाबा, चपला तरी बाहेर काढायच्या. नमुने आहेत इथं.”

“राहू दे नमुने. काल आतल्यानं जबाब देल्ला.”

मंजिरीला हसू आलं. “देव जागा झाला म्हणता?”

“हासू नोको. देव म्हणून नाई रायलो मी.” त्यांनी पेटीवर तळवा ठेवला. ऐकू येत नसल्यानं ते नेहमीच मोठ्यानं बोलत. आज आवाज बारीक होता, आणि त्यानंच ती सावध झाली. “रोज कोपऱ्यात बसतो. काल गर्दी झाली तं नत्थू बुवानं मले मधात वढलं, आपल्या पायापाशी. बुवानं टाच मारली आन् फरशी फुगली हाताखाली. तीन डाव फुगली. मंग बी थरथर रायली. भरीव खडक ठोकला तं हाताले टोचते, घंटीवानी बारीक. पोकळ असला तं ढोलावानी फुगते. याच हातानं एकतीस वर्सं पोट्टे घरी आणले मी. खाली खोली हाये, माय. मोठी. आन् खेमू तिकडंच चाल्ला.”

“बाबा, यंत्रानं शंभर दिवस मोजलंय. पोकळी असती तर तिथून कण जास्त आले असते. नकाशात डाग पडला असता. तिथं भरीव आहे.”

“यंत्रानं हात लावला का फरशीले?”

“यंत्राला हात नसतात.”

“तं मंग,” म्हातारा म्हणाला, आणि खाली बसला. उठणार नाही अशा बेतानं.

त्यांची समजूत काढायची म्हणून मंजिरीनं संगणक उघडला. देवळाखालचा चौकोन मोठा केला. आकडा होता दोन पूर्णांक आठ. पाण्याच्या पावणेतीनपट जड. साधारण खडकापेक्षा थोडं अधिक. “हे बघा,” म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

कारण तिला घोंगडीखालची कांडी आठवली. भिंतीच्या कडेचा तो तांबडा, गार्नेटचा खडक, शीलाइटनं भरलेला. हातात घेतला की मनगट खाली जायचं. त्याचा आकडा एकटाच तीन पूर्णांक सातच्या घरात. मग इतका जड खडक दोन्हीकडं असताना मधला आकडा दोन पूर्णांक आठ कसा?

तिनं कागदावर मांडलं. तीन मीटरचा चौकोन. त्यात दोन मीटर तांबडा खडक. उरलेल्या मीटरभरात पाणी. तिन्ही मीटरांची सरासरी: दोन पूर्णांक आठ.

एका पोत्यात अर्धे दगड आणि अर्धा कापूस भरा. बाहेरून तोलून पाहणाऱ्याला ते गव्हाचं पोतं वाटेल. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्यानं पोतं तोललं होतं, उघडलं नव्हतं.

पण संगणकाला अशी शक्यता सुचायला हवी होती. का सुचली नाही? ती मागं मागं जात राहिली आणि पहिल्या पानावर पोचली. काम सुरू करताना भरायचा तक्ता. त्यात एक प्रश्न: या जागी जुनी खोदकामं आहेत काय? तिनं सरकारी दप्तरं पाहिली होती, एकाही कागदात आमगोंदीला खाण असल्याची नोंद नव्हती. म्हणून तिनं लिहिलं होतं, ‘नाहीत’. ज्या टेकडीच्या देवाला गाव ‘आतला’ म्हणतं, जिथं तीन ठोके देऊन माणसं श्वास धरून बसतात, आणि लहानपणी आईच्या मांडीवर ती स्वतःही तशीच बसली होती, त्या टेकडीबद्दल तिनं लिहिलं होतं, ‘नाहीत’. संगणकानं तिच्यावर विश्वास ठेवून पोकळीचा विचारच सोडून दिला होता.

तिनं तो शब्द खोडला. ‘माहीत नाही’ लिहिलं आणि गणित पुन्हा लावलं. चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात ऋषीजींनी एकदाही विचारलं नाही; ते तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले होते, ओठ हलण्याची वाट पाहत.

भरीव असण्याची शक्यता शंभरात चोपन्न. पोकळ, पाण्यानं भरलेली असण्याची, सेहेचाळीस.

“बाबा,” ती सावकाश म्हणाली, त्यांना वाचता यावं म्हणून, “पाणी असलं तर किती?”

“वरतून खालपर्यंत असलं तं टेकडीएवढं. सात मीटर खडक त्याले थोपवते. तीन मीटर नाई थोपवत. त्या दिशी सुरुंग नाई लागत, पाणीच सुरुंग होते.”

दुपारी चारला सुरुंगाचा बार होता; तो उडाला की चार मीटर जाऊन तीनच उरणार होते. घड्याळात सव्वाबारा.

प्रकल्पप्रमुख घारपुरे पुण्याचे, सभ्य गृहस्थ. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला.

“मंजिरी, चोपन्न म्हणजे बाजू भरीवचीच आहे.”

“सर, बोगद्यात माणसं आहेत. त्यांच्यासाठी चोपन्न म्हणजे छापा-काटा.”

“मान्य. पण काम थांबवायचं तर तुला तुझी सही मागं घ्यावी लागेल. आणि फॉर्मला कारण लागतं.” त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. तिथं तीनच पर्याय होते. नवी मोजणी हाती आली. यंत्रात बिघाड आढळला. नकाशा करणाऱ्याची चूक. “पहिल्यात काय लिहू मी? वडिलांचा तळहात? हसतील गं. यंत्र तर ठणठणीत आहे. राहिला तिसरा. तो निवडलास तर चौकशी होईपर्यंत तुझी नोंदणी गोठते. आणि भोकातून खडकच निघाला तर कुठल्याच खाणीत तुझी सही पुन्हा चालणार नाही. दोन दिवस थांब. मी वरच्यांशी बोलतो.”

“दोन दिवसांत खेमराज तिथं पोचलेला असेल.”

“खेमराज तुझा भाऊ आहे, हेही लोक म्हणतील.”

हे खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. तिच्या डोळ्यांपुढून तेरा वर्षांचं शिक्षण गेलं, बाबांनी गावभर वाटलेले पेढे गेले. मग तिनं तिसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं. खूण बरोबर जागी पडली.

मंजिरी बाबांना घेऊन बोगद्यात गेली. खेमराजला कळलं तेव्हा त्यानं शिरस्त्राण काढून आपटलं.

“आगाऊ भोक! आजच्या काळात! ताई, आमी रोज चार मीटर मारतो, जिल्ह्यात कोणी मारत नाई. आन् तू बाबाच्या हाताच्या नादी लागून...”

“चूक माझी आहे, खेमू. फॉर्मवर मीच लिहिलंय.”

त्यानं आपटलेलं शिरस्त्राण उचललं. “सही गेली तुई?”

“सध्या तरी.”

“मूर्ख हायेस,” तो म्हणाला, पण आवाज उतरला होता. टोळीतला एक जण मागून पुटपुटला, “आता सरदाराले मृदंग बी आणू द्या म्हणा, हितंच भजन करू.” दोघं-तिघं हसले.

ऋषीजींनी तेही ओठांवरून वाचलं. लोखंडी सळई घेतली, बोगद्याच्या शेवटच्या भिंतीपाशी गेले. डावा तळवा खडकावर पसरला आणि उजव्या हातानं ठोकायला लागले. खाली, मधे, वर. इथं ठोक, थांब. तिथं ठोक, थांब. पाच माणसं, मंजिरी सहावी, बघत उभी. शेवटी त्यांनी खडूनं एक फुली मारली. “हितं. पण आधी नळी बसवा. पक्की, शिमीट भरून. नळीले झडप लावा. झडपीबिगर रॉड आत गेला तं मी त्या भोकापुढं झोपीन.”

“एवढं कायले?” खेमराज म्हणाला. “खडकच हाये.”

“खडक निघाला तं झडप मले बांध गळ्यात, आन् गावात फिरव.”

नळी पक्की व्हायला रात्र गेली. शुक्रवारी सकाळी ड्रिल लागलं. एक मीटर, दोन मीटर. भोकातून तांबडा चुरा येत होता. मंजिरीनं ओंजळभर घेतला, कोटाखाली धरून दिवा लावला. निळं चांदणं. इतकं दाट तिनं कधी पाहिलं नव्हतं. हे जर असंच सलग निघालं, तर देशातली सगळ्यात श्रीमंत भिंत थांबवणारी बाई म्हणून तिचं नाव राहणार होतं.

तीन. चार. खेमराज तिच्याकडे न बघता आकडे ओरडत होता. पाच. अजून तांबडा, अजून भरीव. एक जण जांभई देत म्हणाला, “गळ्यात बांधाची झडप मोजून ठेवा रे.” सहा. ऋषीजींनी ड्रिलच्या दांड्यावर दोन बोटं टेकवली होती, वैद्य नाडी बघतो तशी. मंजिरी त्या बोटांकडे बघत होती. देवाचं नाव तिला आठवेना. तिनं नकळत श्वास धरला होता.

साडेसहा मीटरच्या जरा पुढं ऋषीजींची बोटं उचलली गेली.

“थांब!” ते ओरडले. पण तेवढ्यात दांडा आपसूक हातभर आत धावला, जणू पलीकडून कुणी ओढला. क्षणभर काही नाही. मग भोकानं हुंकार दिला आणि पाण्याचा सोटा सुटला. काळा, गार, माणसाला उलथून टाकील असा. समोरचा दिवा फुटला. खेमराज भिंतीवर आदळला. आणि वास आला, सडक्या अंड्यांचा.

“जुनं पाणी!” म्हातारा किंचाळला. “वर्सानुवर्साचं पाणी हाये! नाक बांधा, झडप फिरवा, झडप!”

खेमराज रांगत गेला. झडपेचं चाक त्याच्या आणि मंजिरीच्या हातांनी मिळून फिरलं. एक आटा, दोन आटे, पाण्याचा सोटा मनगटाएवढा झाला, बोटाएवढा झाला, थांबला. नळी थरथरत राहिली. पलीकडं टेकडीएवढं पाणी त्या झडपेला खांदा लावून उभं होतं.

बाहेर उजेडात आल्यावर सगळे खोकत बसले. खेमराजच्या कपाळातून रक्त येत होतं. काल दुपारचा बार झाला असता तर... खेमराज बापासमोर उभा राहिला, ओठ नीट दिसावे म्हणून वाकला, आणि म्हणाला, “सरदार, पोट्टे मोजा.”

ऋषीजींनी एकेकाच्या खांद्याला हात लावत मोजलं. पाच. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. सहा. आणि मगच खाली बसले.

झडपेतून थोडं थोडं करत पाणी काढायला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी वाट रुंद करून, हवा तपासून, मंजिरी आणि ऋषीजी आत गेले. मीटरभर रुंद, उभी, उंच कपार होती ती, माणसाच्या हातांनी खोदलेली. जुन्या महायुद्धाच्या काळात, तोफा-रणगाड्यांसाठी टंगस्टन हवं होतं तेव्हा, कुणीतरी चोरून किंवा गुपचूप ही खाण चालवली असावी; कागद एकही नाही. त्यांनी मधलं काळं खनिज तेवढं ओरबाडून नेलं होतं. पांढरं दोन्ही बाजूंना तसंच सोडलेलं. मंजिरीनं दिवा लावला आणि दोन्ही भिंती खालपासून वरपर्यंत निळ्या पेटल्या. मधून दोन माणसं चालली होती.

शिडी लावून वर चढल्यावर, देवळाच्या फरशीपासून फार तर दोन-अडीच मीटर खाली, एक कोरडा कट्टा होता. पाणी तिथवर कधी पोचलं नव्हतं. कट्ट्यावर कंदील होता, पहार होती. आणि माणसं होती. म्हणजे, माणसांचं जे उरतं ते.

पाणी फुटलं तेव्हा ती वर वर चढत आली असतील. बाहेरचं तोंड पाण्याखाली गेलं असेल. कोंडलेली एवढीच हवा उरली असेल. कट्ट्याच्या डोक्यावर छताला एका जागी वाटीएवढा खळगा पडला होता, त्याच्या कडा पांढऱ्या. पहारीचं टोक बोथट झालं होतं. ठोकून ठोकून.

आणि वर गावानं ऐकलं असणार. वरच्यांनीही ठोकलं असणार. तीन ठोके द्यायचे, श्वास धरून थांबायचं. खालून तीन ठोके यायचे. खडक फुटला नाही. किती दिवस, देव जाणे. मग एके दिवशी वरून ठोके दिले आणि वाट पाहिली. पाहतच राहिले. ज्या कुणा बुवांनी पुढं तिथं देव मांडला, त्यांनी ती वाट पाहणं कीर्तनात बांधून ठेवलं. कारण गाव विसरलं, देऊळ विसरलं नाही.

ऋषीजी गुडघ्यांवर बसले. कंदिलापासून सुरुवात करून एकेकाला हात लावत गेले. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“सात,” ते म्हणाले.

सात श्वास. एकेकाच्या नावानं एक. नावं तेवढी राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गावानं त्यांना बाहेर काढलं. कोण कुठले, कोणत्या जातीचे, कोणत्या मुलखातून पोटासाठी आलेले, काही ठाऊक नाही. ऋषीजी बोगद्याच्या तोंडाशी उभे होते, अंगावर जुना सरदारी खाकी सदरा, बटणं लावलेली. एकेक जण त्यांच्यासमोरून गेला, आणि शेवटचा गेल्यावर त्यांनी नेहमीच्या मोठ्या आवाजात सांगितलं, “पाळी पूर्ण. सात आत गेले, सात बाहेर आले.” खेमराज लहान पोरासारखा रडला.

मंजिरीच्या नावापुढं ‘नकाशा करणाऱ्याची चूक’ अजून लिहिलेलं आहे. घारपुऱ्यांनी ते बदलून देऊ म्हटलं होतं. ती म्हणाली, “राहू द्या सर, ती माझीच होती.” वर्षभर तिला कशावर सही करता आली नाही. त्या वर्षात तिनं एकच पत्र लिहिलं, अंतर्दर्शी बनवणाऱ्यांना. आता त्या यंत्राच्या पहिल्या पानावर एक प्रश्न वाढला आहे: या जागेबद्दल गावात काही रीत, काही नाव, काही गोष्ट आहे काय? आणि ‘नाही’ लिहिण्याआधी यंत्र दुसऱ्यांदा विचारतं, कुणाला विचारलंत?

पुढच्या सप्ताहात नत्थू बुवा उभे राहिले आणि अडखळले. आता आत कुणी नाही, मग हाक कुणाला द्यायची? त्यांनी ऋषीजींकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं नुसता तळवा फरशीला टेकवला आणि मान हलवली. बुवांनी टाच उचलली.

मृदंग लागला वाटतं. बुवाही निघाले. आता तीन ठोके पडतील आणि आपण गप्प होऊ. तेवढ्या सात श्वासांत माझी एक विनंती ऐका. देवाचं नाव पुढं रात्रभर घ्यायचंच आहे. हे सात श्वास त्या सातांना द्या, ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत आणि ज्यांनी शेवटपर्यंत मनाशी धरलं होतं की वर कुणीतरी ऐकतं आहे.